दर मंगळवारी थोडं पाणी

माझ्या बायकोच्या डोक्यात अडीच महिने पाण्याची पिशवी होती. लग्नाच्या पंगतीत मी हे सांगायला घेतलं, की ऐकणारा आधी तिच्याकडे पाहतो, मग माझ्याकडे, आणि दोघांपैकी नेमका कुणाच्या डोक्यात बिघाड आहे ते मनाशी ठरवून टाकतो. बहुतेकांचा कौल माझ्या विरोधात जातो. तो बरोबरच असतो, पण ते कसं, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

मी अंजनगाव सुर्जीत मोटारी भरतो. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळली, की तिच्यातली काळी पडलेली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची, हा माझा धंदा. सोबत मळणीयंत्रं, चक्क्या, जे जे फिरतं ते सगळं. आमच्याकडे सोयाबीन नुकतंच रुळत होतं तेव्हा घरच्या वावरात मळणी चालली होती आणि यंत्राचा पट्टा सारखा निसटत होता. मी पट्ट्यावरची जाळी काढून बाजूला ठेवली. पाच मिनिटांचं काम, दर वेळी कोण काढणार आणि कोण बसवणार. दुसऱ्याच्या यंत्राची जाळी उघडी दिसली की मी त्याला चारचौघांत झापत असे. घरच्या यंत्राला मात्र सूट. बायको पाण्याचा गडू घेऊन आली, वाकली, आणि तिची वेणी पट्ट्यात गेली.

पुढचं मी पंगतीत सांगत नाही, इथंही सांगणार नाही. अमरावतीच्या दवाखान्यात तिच्या मांडीची कातडी काढून डोक्यावर लावली. जीव वाचला, जखम भरली. पण मांडीच्या कातडीला डोक्याचे केस कुठून येणार? डाव्या कानाच्या वरून टाळूपर्यंत, माझा तळहात मावेल एवढी जागा गुळगुळीत राहिली.

तेव्हापासून ती डोक्यावरून पदर घ्यायला लागली. आधी कधी घेत नव्हती. मोर्शीहून माझी मावशी आली, तिनं हे पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "पाह्य, सून असावी तर अशी! आजकालच्या पोरीले पदर म्हणजे काय ते मालूम तरी हाय का?" बायकोनं पदर आणखी पुढं ओढला. मी चहाचं पाहतो म्हणून उठलो.

बायको अंगणवाडीत सेविका. चार वर्षं तिनं एका हातानं पदर सांभाळत दुसऱ्या हातानं खिचडी वाढली. लेकरांना पदर ओढायची भारी हौस असते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. मग एकदा प्रशिक्षणासाठी तिला अमरावतीला आठ दिवस राहावं लागलं. एका खोलीत दहा बाया. हिनं आठही दिवस डोक्याचा रुमाल सोडला नाही, केस विंचरायला सगळ्यांच्या आधी उठली. परत आली ती हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली,

"मले माहे केस पाहिजेत जी."

"अवं, पण त्याले आता चार वर्षं झाले."

"तुमाले झाले असतीन. मले रोज सकाळी होते."

आम्ही अकोल्याला गेलो.

तिथल्या प्लास्टिक सर्जन बाई अकोल्याच्याच, पण पुण्याला शिकून आलेल्या. मराठी अगदी पुस्तकी बोलत. रागावल्या की मात्र अस्सल वऱ्हाडी होत, ते मला पुढं कळायचं होतं. त्यांनी बायकोचं डोकं सगळीकडून पाहिलं, फूटपट्टीनं मोजलं आणि म्हणाल्या, "डोक्यावरच्या केसांची कातडी दुसरीकडे कुठं मिळत नाही. ती डोक्यावरच वाढवावी लागते."

मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. उजव्या बाजूला, चांगल्या केसांच्या खाली, एक रिकामी पिशवी ठेवायची. तिला एक बारीक नळी, नळीच्या टोकाला बटण, तेही कातडीच्या आतच, कानामागं. टाके सुकले की दर आठवड्याला त्या बटणात सुई घालून थोडं सलाइनचं पाणी सोडायचं. पिशवी हळूहळू फुगते. वरची कातडी नुसती ताणली जात नाही, ताणता ताणता खरोखर नवी तयार होते. पुरेशी झाली की पिशवी काढायची, गुळगुळीत भाग कापून टाकायचा आणि वाढलेली कातडी केसांसकट सरकवून तिथं शिवायची. केसांची संख्या वाढत नाही, आहेत तेच जास्त जागेवर पसरतात, थोडे विरळ दिसतात.

मी जाणत्यासारखी मान हलवत होतो. माझ्या डोळ्यांपुढं सायकलची ट्यूब होती. "पण मॅडम, माणसाची कातडी अशी वाढते का?"

उत्तर बायकोनंच दिलं. "काहून नाही वाढत? दोन लेकरं काय तुमच्या पोटात होते?"

डॉक्टरबाई हसल्या. "मी हेच उदाहरण देणार होते." मग हसू आवरून त्यांनी धोके सांगितले. धक्का लागता कामा नये. आत पू झाला, किंवा कातडी पातळ होऊन पिशवी उघडी पडली, तर काढावी लागेल, आणि मग बराच काळ पुन्हा काही करता येणार नाही. "आणि फुगलेल्या जागेवर बधिरपणा येईल. काही लागलं तरी यांना कळणार नाही."

मी मनात म्हटलं, चला, तेवढंच बरं, दुखणार तरी नाही. बाईंचे शब्द मी नीट ऐकले होते. अर्थ माझा मी लावला.

पिशवी बसवायचं ऑपरेशन लहानच होतं. दोन आठवड्यांनी टाके सुकले आणि आमचे मंगळवार सुरू झाले. अंजनगावहून अकोट, अकोटहून अकोला, सुई टोचायची, परत. तिसऱ्या मंगळवारी उंचवटा लिंबाएवढा होता, पाचव्या मंगळवारी संत्र्याएवढा. पदरात मावेनासा झाला, तेव्हा आमच्या शेजारच्या चाचीनं कामगिरी हाती घेतली. त्यांचं पिंजाऱ्याचं घर. त्या वर्षांत नव्या गाद्या कुणी भरून घेत नव्हतं, लोक जुनाच कापूस पुन्हा पिंजून नेत, त्यामुळं चाचीला सवड होती. तिनं बायकोसाठी मऊ कापसाची मोठी चुंबळ शिवली, घागरीखाली ठेवतात तशी, म्हणजे झोपताना फुगलेली बाजू मधल्या पोकळीत राहावी. शिवाय एक ढगळ टोपडं.

"ये लो भाभी," चाची म्हणाली, "नवाब का ताज. अब भाईजान को बोलो, झुक के सलाम करते."

सलाम करायचा बाकी होता, दुसरं सगळं मी करत होतो. बसमध्ये चढताना मी मंत्र्याच्या गाडीपुढं धावणाऱ्या पोलिसासारखा दोन्ही हात पसरून पुढं जायचो. दाराची चौकट, बसचा दांडा, कुणाच्या डोक्यावरचं गाठोडं, सगळी दुनिया मला त्या पिशवीवर टपून बसलेली दिसायची. पाणी भरून झालं की डॉक्टरबाई उंचवट्यावर अंगठा दाबत. कातडी पांढरी व्हायची आणि अंगठा उचलला की पुन्हा गुलाबी. रंग लवकर परतला नाही तर त्या थोडं पाणी काढून घेत. मी ते पाहून ठेवलं आणि घरी दिवसातून चारदा करायला लागलो.

"आंबा पिकला का पाहून राहिले का जी?" बायको म्हणायची.

बसमधल्या प्रत्येकाला वाटे की गाठ आहे. आणि गाठ म्हटलं की आपल्याकडे औषध न सांगता कुणी उतरत नाही. एक जण बिब्बा लावा म्हणाला. अकोटला चढलेल्या एका म्हाताऱ्यानं एरंडाचं पान तेल लावून, गरम करून बांधायला सांगितलं आणि स्वतःचा गुडघा उघडून पुरावाही दाखवला. बिब्ब्यानं कातडी भाजते हे मला माहीत होतं, त्यामुळं मी मनातल्या मनात बिब्बेवाल्याला अडाणी ठरवलं. पान मात्र आमच्या घरातलंच. सूज असो, मुरगळा असो, माझ्या आईनं आम्हाला पानानंच वाढवलं.

दुकानावर वेगळंच चाले. ते दिवस वाईट होते. कपाशी हातची गेली होती, विहिरींनी तळ दाखवला होता, सकाळी पेपर उघडताना आत्महत्येच्या बातमीत आपल्या ओळखीच्या गावाचं नाव नसावं असं वाटे. माझ्या शेजारचा वेल्डिंगवाला एकदा सरळच म्हणाला, "लोकाईच्या घरी काय होऊन राहिलं, अन तुले बायकोच्या केसाची पडली." मी हसून सोडून दिलं, पण ते घरापर्यंत माझ्यासोबत आलं. खरंच, कुणाला सांगावं की मला झोप नाही, कारण बायकोच्या डोक्यावरची कातडी गुलाबी व्हायला आज एक क्षण जास्त लागला?

सातव्या मंगळवारी बाईंनी नेहमीपेक्षा जरा जास्त पाणी घातलं. परतीच्या बसमध्ये बायको डोळे मिटून बसली होती. चार वाजता घरी पोचलो तशी ती चुंबळीवर डोकं टेकवून पडली. गोळी घेतली होती, तरी म्हणाली, "कोणीतरी आतून ढकलून राहिलं जी. साऱ्या डोक्याले ओढ बसली."

बाईंनी सांगितलं होतं, एक-दोन दिवस ताण राहील, मग कातडी जुळवून घेईल. पण तिला कण्हताना पाहून मला राहवेना. चार वर्षांत मी तिच्यासाठी हातानं काही केलं नव्हतं, बसमध्ये हात पसरण्यापलीकडे. दुकानामागं एरंडाचं झाड होतं. चांगली रुंद पानं आणली, तेल चोपडलं, तव्यावर गरम केली आणि एक उंचवट्यावर ठेवून धोतराच्या चिंधीनं बांधलं.

"चटका बसून राहिला का व?"

"नाही."

"कोमट तरी?"

"काहीच नाही."

मला वाटलं, पान निवलं. दुसरं जास्त वेळ तव्यावर धरलं. त्याचंही काही नाही. तिसरं धूर निघेपर्यंत ठेवलं. रोज विजेशी खेळणारा माणूस मी, तारेला हात लावायच्या आधी टेस्टर लावून पाहणारा. ते पान उचलताना माझी बोटं पोळली, मी ती कानाच्या पाळीला लावली, आणि तरीही पान तिच्या डोक्यावर बांधलं.

"बरं वाटते," ती म्हणाली आणि झोपली. बरं वाटलं असेल ते माझ्या हातानं, पानानं नाही.

सकाळी चाची चुंबळीत थोडा कापूस वाढवायला आली. चिंधी न सोडता जरा बाजूला सरकवली आणि ओरडलीच. "या अल्ला! भाभी, ये छाला कायका?" उंचवट्याच्या माथ्यावर मोठा फोड होता, पाण्यानं टम्म भरलेला, आणि भोवती लाल.

त्या दिवशी मंगळवार नव्हता, तरी आम्ही चिंधी तशीच ठेवून अकोल्याला गेलो. रस्ताभर मला एकच वाक्य ऐकू येत होतं. काही लागलं तरी यांना कळणार नाही. आता त्याचा अर्थ मला लागत होता.

डॉक्टरबाईंनी चिंधी सोडून फोड पाहिला आणि त्यांचं पुणं संपलं. "हे कोनं केलं? डोक्शात काय भरलं हाय तुमच्या? बधिर हाय म्हणून सांगतलं नव्हतं का मी?"

माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आत बायको म्हणाली, "मीच बांधलं मॅडम. लय ओढ बसली होती."

मी ते तसंच जाऊ दिलं. त्याबद्दल मला आजही काही बोलता येत नाही.

बाईंनी सुईनं पिशवीतलं बरंचसं पाणी काढून घेतलं, म्हणजे कातडीवरचा ताण कमी व्हावा. मलमपट्टी केली, औषधं दिली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आठ दिवस वाट पाहायची. भाजणं वरवरचं असेल तर कातडी वाचेल. खोल असेल तर काळी पडेल, खालची पिशवी उघडी होईल आणि ती काढावी लागेल. मग एवढे महिने गेले ते गेलेच. दुसऱ्यांदा घालायला चांगली कातडी उरायला हवी."

ते आठ दिवस. पट्टी बदलायचं काम चाचीकडे होतं, तिचा हात हलका. मी दाराशी उभा राहून फक्त रंग विचारायचो. "लाल है भाईजान." दुसऱ्या दिवशी, "लाल है." चौथ्या दिवशी चाची म्हणाली, "बीच में थोडा भूरा दिखता." भुरा म्हणजे तपकिरी, पण काळ्याच्या किती जवळ, ते मी तिला तीन प्रकारे विचारलं. शेवटी ती चिडली. "मैं गद्दे वाली हूँ भाईजान, डॉक्टर नहीं!"

दुकानात मी एक मोटार भरून दिली, तिच्या तारा उलट्या जोडल्या. दुसऱ्या दिवशी शेतकरी ती खांद्यावर घेऊन परत आला. "विहिरीत अगुदरच पाणी नाही, अन तुई मोटार उलटी फिरून राहिली. पाणी खाली धाडून राहिला का?" लोक हसले. मीही हसलो, आणि तारा सोडून पुन्हा जोडायला बसलो.

बायको मात्र माझ्यावर एकदाही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती लेकरांना डबे देत होती, अंगणवाडीचे कागद भरत होती, आणि मी टोपड्याकडे पाहिलं की तोंड फिरवत होती. सहाव्या दिवशी मी विचारलं, "तू तिथं खोटं काहून बोलली व?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या बाईनं मग तुमाले आत येऊ देल्लं नसतं. अन मले तिथं एकटीले भेव लागते."

आठव्या दिवशी अकोल्याला, पट्टी सुटायच्या आधीच मी म्हणालो, "मॅडम, पान मी बांधलं होतं."

"माहीत आहे," बाई पट्टी सोडता सोडता म्हणाल्या. "चिंधीची गाठ मागं होती आणि वायरमनसारखी पिळलेली. स्वतःच्या डोक्यावर कुणी अशी बांधत नाही. सरका, उजेड अडतोय."

त्यांनी बराच वेळ पाहिलं. दाबलं, थांबल्या, पुन्हा दाबलं. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. मग त्या बायकोशी बोलल्या, माझ्याशी नाही. बहुतेक कातडी वाचली होती. मधला आठाण्याच्या नाण्याएवढा तुकडा मेला होता. पिशवी अजून झाकलेली होती, पण तिथं आता आणखी पाणी घालणं धोक्याचं. दोन वाटा होत्या. तीन-चार महिने थांबून, जखम पक्की होऊ देऊन पुन्हा भरायला लागायचं, तोवर पिशवी टिकली तर. किंवा आहे तेवढ्या कातडीत आता ऑपरेशन करायचं. मग सगळी जागा झाकली जाणार नाही, कानाच्या वर दोन बोटं रुंदीची पट्टी उघडी राहील.

"घरी जाऊन विचार करा," बाई म्हणाल्या.

"आता करा," बायको म्हणाली.

मी म्हणालो, "अवं, थांबून पाहू. पूर्ण होईन. चार महिनेच तं हाय."

"चार महिने रोज सकाळी तुमचं हे तोंड कोन पाहीन? माह्या डोक्यावर काय चाललं ते मले तुमच्याच तोंडावर दिसते. टिकलं तेवढं लावा मॅडम."

ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेरच्या बाकड्यावर बसलो. चाची सोबत आली होती. ती तसबीहचे मणी ओढत होती आणि मी पंख्याच्या मोटारीचा आवाज ऐकत होतो. बेअरिंग गेलं होतं. वेळ जाईना म्हणून मी वॉर्डबॉयला तसं सांगितलं, तर तो म्हणाला, काका, दुरुस्त करून देता का? मी उठलोही असतो. चाचीनं सदरा धरून खाली बसवलं. "आज किसी चीज को हात मत लगाओ भाईजान."

दुपार कलताना बाई बाहेर आल्या. त्यांच्या तोंडावरचा कपडा खाली होता, पण त्यावरून काही समजेना. "कातडी सरकवली आहे. टोकापर्यंत रक्त पोचतं की नाही, ते पट्टी उघडल्यावर कळेल," एवढंच बोलल्या. म्हणजे पुन्हा दिवस मोजणं आलं. या वेळी बाईंनी मला पट्टीपासून लांब ठेवायला परिचारिकेला सांगून ठेवलं होतं. मी दुरून उभा राहायचो, हात मागं बांधून, तपासणीला आलेल्या साहेबासारखा.

पट्टी उघडली तेव्हा बायकोनं मला आत बोलावून घेतलं. कापूस निघाला. आधी टाक्यांची काळी ओळ दिसली, कपाळाच्या वरून वळण घेत मागं गेलेली. मग ओळीच्या अलीकडे, जिथं चार वर्षं काही नव्हतं, तिथं कापलेल्या केसांची बारीक खुंटं दिसली. विरळ होती. बाईंनी टोकाशी बोट दाबलं, उचललं आणि परिचारिकेला म्हणाल्या, "छान आहे. धुऊन घ्या." कानाच्या वर पट्टी होती, त्यांनी सांगितली होती तेवढीच, दोन बोटं.

"आरसा द्या," बायको म्हणाली.

परिचारिकेनं भिंतीवरचा आरसा काढून माझ्या हातात दिला. मी तो धरला. बायकोनं डोकं डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, हनुवटी खाली घेतली. बोट त्या पट्टीशी नेलं, पण लावलं नाही.

"एवढी राहिली," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "मी ते पान नसतं—"

"गप बसा जी. आरसा हलून राहिला. दोनी हातानं धरा."

मी दोन्ही हातांनी धरला. बाहेर कुणीतरी पुढच्या पेशंटला हाक मारत होतं. ती पाहत राहिली.